उभे सर आणि बातंबांगची शाळा

अमरावतीच्या आमच्या क्लासात खुर्ची नव्हती. बाक नव्हते, स्टूल नव्हतं, आणि सर स्वतः सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ फळ्यापाशी उभे असत. पोरंही उभी. नवीन पोरगा आला की तो आधी बसायला जागा शोधायचा. सर म्हणायचे, "काय पाहून राहिला? बसनं असन तं घरी बस. बसलं का मानूस मनातल्या मनात भाषांतर करते. उभा राह्यला का बोलते." त्यांचं खरं नाव-आडनाव साऱ्या गल्लीला पाठ होतं, पण तोंडात बसलं ते 'उभे सर'. पुढेपुढे तर काकूही, म्हणजे त्यांच्या बायको, फोनवर कोणी विचारलं की "उभे सर क्लासात हायेत" असंच सांगायच्या.

मी अंजनगाव सुर्जीची. बी.ए.ला अमरावतीला आले तेव्हा इंग्रजीचं पुस्तक उघडायचीही मला भीती वाटायची. मैत्रिणीनं ओढत नेलं म्हणून क्लासात गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. सरांनी नाव विचारलं, तेही इंग्रजीत. मी मैत्रिणीच्या मागे सरकले. सर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "अवो बाई, इंग्रजी काई तुही सासू नोहे. तिले कायले भेतं?" सगळा वर्ग हसला आणि मीही हसले. तेव्हा मला सासू नव्हती. पुढे मिळाली, काही वर्षांनी सुटलीही, आणि इंग्रजीची भीती त्या मानानं किरकोळ होती हे मला पटलं. सासर सोडून परत आले तेव्हा सरांकडे गेले. काय झालं, कसं झालं, हे त्यांनी विचारलं नाही. "उद्यापासून सकाळची बॅच तू घे," एवढंच म्हणाले. मी बारा वर्षं ती बॅच घेतली.

त्यांचं दुसरं एक वाक्य होतं, "चुकनं हाय तं मोठ्यानं चुक." हळू आवाजात बरोबर बोलणाऱ्यापेक्षा ओरडून चुकणारा पोरगा त्यांना जास्त आवडायचा. संध्याकाळची बॅच सुरू झाली की आमच्या गल्लीत चाळीस पोरं एकाच वेळी मोठ्यानं चुकत असायची. समोरचा किराणा दुकानदार म्हणायचा, सर, माझं गिऱ्हाईक पळते. सर त्यालाच आत बोलवायचे आणि एक वाक्य बोलायला लावायचे. तो चुकायचा आणि खूश होऊन दुकानात परत जायचा.

सरांचं स्वतःचं इंग्रजी आलं होतं रद्दीतून. ते अकोल्याचे. मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात त्यांच्या वडिलांचं शिवणयंत्र होतं, आणि शाळा सुटल्यावर सर शेजारच्या रद्दीच्या दुकानात कामाला जात. दुकानात बसायला एकच खोकं, त्यावर मालक. सर गठ्ठे बांधताबांधता उभ्यानं इंग्रजी मासिकं वाचायचे, कळो न कळो, पुटपुटत वाचायचे. उभं राहायची सवय तिथली असावी असा माझा अंदाज. विचारलं तर म्हणायचे, "नाई बाप्पा, थे तं माह्या कमरेचं दुखनं होय."

आणि एक गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. ते तरुणपणी ज्या शाळेत नोकरीला लागले, तिथं त्यांनी इंग्रजी व्याकरणाचं एक गाईड लिहिलं. दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालून लिहिलं. छापून आलं तेव्हा त्यावर नाव होतं संस्थेच्या अध्यक्षांचं, आतल्या पानावर फोटोही त्यांचाच. आजूबाजूच्या तालुक्यांतली निम्मी पोरं त्या गाईडावर दहावी निघाली. मीही त्यातलीच. अंजनगावात माझ्या उशाशी ते गाईड असायचं. सर म्हणाले, "तेव्हा लहान पोरं होते घरी. बोलून काय फायदा होता? पन एक दिवस माहं सोताचं काई तरी करीन, अन् त्याच्यावर माहाच फोटू लावीन." हसत म्हणाले. मला ते हसणं खरं वाटलं नाही.

मग आमच्या क्लासाला उतरती कळा लागली. शहरात मोठे क्लास आले, त्यांच्या बसेस आल्या, गार हवेच्या खोल्या आल्या, आणि आमच्याकडे पोरांना उभं राहायला लावतात ही आता तक्रार झाली. एक आई येऊन म्हणाली, "सर, तिकडे सोफ्यासारख्या खुर्च्या हायेत." सरांनी तिला चहा पाजला आणि पोराचं नाव कमी केलं. ते शाळेतून रिटायर झाले होते, मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली होती, आणि संध्याकाळच्या बॅचला अकरा पोरं उरली होती. अशात त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो औषधांच्या धंद्यात कंबोडियात होता. म्हणाला, सर, इथं इंग्रजीला फार मागणी आहे, छोटी खाजगी शाळा काढायला परवाना लवकर मिळतो, या.

त्या वयात माणसं काशीला जातात. सर कंबोडियाचा नकाशा घेऊन क्लासात आले. त्यांचा सगळा हिशोब एका वाक्याचा होता: "इथी पयले गाव विचारतेत, मंग जात विचारतेत, मंग इंग्रजी ऐकतेत. तिथी आपल्याले कोनी ओळखतच नाई. तिथी इंग्रजीच बोलन." मी म्हटलं, सर, मला नाही जमायचं. पण मला अमरावतीत धरून ठेवणारं तरी काय होतं? काकू म्हणाल्या, "चाल बाई, मले तिथी मराठी बोलाले तं कोनी पाह्यजे." म्हणून गेले.

जाण्याआधी सरांनी फ्लेक्स करून घेतला. आता आपल्याकडे बारशापासून निवडणुकीपर्यंत काहीही फ्लेक्सशिवाय होत नाही, तशी शाळाही होणार नाही अशी त्यांची पक्की समजूत. मधोमध सर, कोटात, हात जोडलेले. वर इंग्रजीत 'वऱ्हाड इंग्लिश स्कूल'. एका बाजूला काकू, एका बाजूला मी. आणि खाली रीतीप्रमाणे शुभेच्छुक: अमरावती आणि अकोल्याचे अकरा मित्र, गोल गोल चौकटींत, त्यातले तिघे काळ्या चष्म्यात. मी म्हटलं, सर, तिथं यांना कोण ओळखतं? सर म्हणाले, "तिथी तं मलेबी कोनी ओळखत नाई. मंग माहाबी काढू का?" नागपूरच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं ती गुंडाळी उलगडायला लावली. पूर्ण पाहिली आणि विचारलं, "किस पार्टी का है?" सर म्हणाले, "एज्युकेशन पार्टी."

बातंबांग हे कंबोडियातलं नदीकाठचं मध्यम गाव. भातशेती, दुचाक्या, देवळांची सोनेरी छपरं, सकाळी रांगेनं भिक्षेला निघणारे भंते. काकूंना ते भंते पाहून इतकं बरं वाटलं की पहिले काही दिवस त्या रोज दारात भात घेऊन उभ्या राहायच्या. शाळेसाठी जागा मिळाली ती सोखाबाईंची. पन्नाशीच्या, विधवा, पर्यटकांमुळे कामापुरतं इंग्रजी शिकलेल्या, आणि फार हुशार. परवान्याच्या कागदांवर तिथल्या माणसाची सही लागते, तीही त्यांनीच केली. शाळेत खुर्च्या नाहीत हे पाहून त्यांना वाटलं आमच्याकडे पैसे नाहीत, म्हणून शेजाऱ्यांकडून लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागून आणल्या. सरांनी हात जोडून त्या मागच्या खोलीत एकावर एक रचून ठेवल्या.

फ्लेक्स शटरच्या वर लागला. लोक थांबून पाहायचे, काही जण तर हात जोडूनही जायचे, कारण तिथं नमस्कार आपल्यासारखाच करतात. पण आत कोणी येईना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. रोज सकाळी सर कोट घालून शटर उघडायचे आणि फळ्यावर तारीख लिहायचे. तिसऱ्या आठवड्यात कळलं की गल्लीतल्या लोकांना ते निवडणुकीचं ऑफिस वाटलं होतं. खालचे अकरा जण उमेदवार, आणि चष्मेवाले तिघे त्यांचे अंगरक्षक. मी दोन दिवस हसत होते. सरही हसले. शुभेच्छुक कापून टाकले, तरीही कोणी आलं नाही.

शेवटी सोखाबाई एक दिवस केळ्यांची फणी घेऊन आल्या आणि सरांसमोर उभ्या राहून सरळ बोलल्या. त्यांच्या तुटक्या इंग्रजीत जे होतं ते असं: शाळा चांगली आहे. तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा खूप चांगलं आहे, ते मला कळतं. पण आईबाप दारातून परत जातात. ते म्हणतात, हा माणूस इंग्रज दिसत नाही. तुमचा चेहरा आमच्यासारखाच सावळा आहे. सावळ्या माणसाकडून सावळ्या माणसानं इंग्रजी का शिकायचं? त्या हे वाईट बोलत नव्हत्या. बोलताना त्यांनी सरांच्या हातावर हात ठेवला होता. सरांनी केळी घेतली, थँक्यू म्हणाले, आणि दिवसभर फळा पुसत राहिले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

यान नावाचा एक पोरगा तेव्हा शेजारच्या खानावळीच्या वर राहायचा. पोलंडचा, तिशीतला, सोनेरी केसांचा, उन्हानं लाल झालेला. जग फिरायला निघाला होता आणि बातंबांगला येऊन त्याचा कंटाळा की पैसे, काहीतरी एक संपलं होतं. इंग्रजी त्याचं बेताचंच. 'द' कुठं लावायचा आणि कुठं नाही याचा त्याला पत्ता नव्हता. सरांचं इंग्रजी ऐकून तो आपणहून आला आणि म्हणाला, मला शिकवाल का? सरांना पहिला विद्यार्थी मिळाला. ते त्याला रोज सकाळी तासभर उभं करून बोलायला लावायचे. काकू त्याला भाकरी खायला घालायच्या. ज्वारीचं पीठ आम्ही अकोल्याहून नेलं होतं, ते त्याच्यावरच संपलं. पोरगा मनानं चांगला होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मला पुढे त्याचा फार राग आला आणि तो रागही चुकीच्या माणसावर होता.

एका सकाळी यान दारात उभा राहून वाक्यं घोकत होता, तर दोन बाया पोरांना घेऊन थेट आत आल्या. नवीन सर आले का, असं त्यांनी सोखाबाईंना विचारलं. सोखाबाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी काकूंकडे पाहिलं, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. मग सोखाबाईंना म्हणाले, "से यस, मॅडम."

फ्लेक्स सरांनी स्वतः उतरवला. मी शिडी धरली होती. चारही कोपऱ्यांच्या दोऱ्या सोडवल्या, नीट घडी घातली. नव्या पाटीवर नावात 'युरो' आलं, यानचा हसरा फोटो आला, आणि पंधरवड्यात सकाळ-संध्याकाळच्या बॅचा भरल्या. फ्लेक्सचा कपडा जाड, पाऊस न लागणारा. तो वाया जायला नको म्हणून कोणीतरी पोरांच्या सायकलींवर टाकला. सरांचा चेहरा आतल्या बाजूला आणि पांढरी पाठ वर. सायकली काढताना पोरं तो उचलायची आणि आत जोडलेले हात दिसायचे. मी त्या बाजूनं जाणंच सोडून दिलं.

पुढे शाळा कशी चालली तर अशी: पुढच्या खोलीत यान, मागच्या खोलीत सर, आणि दारापाशी हजेरी-फीचा हिशोब ठेवणारी मी. रोज दुपारी सर वहीत धडा लिहायचे. पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, कुठं थांबायचं, कोणत्या पोराला आधी विचारायचं, कोणता पोरगा लाजतो, कोणती पोरगी घोकून येते, सगळं. चार वाजता यानला उभं करून त्याच्याकडून तालीम करून घ्यायचे. पाच वाजता यान पुढे जाऊन शिकवायचा. मध्ये फक्त पार्टिशन. सर त्याला कान लावून ऐकायचे आणि यान अडला की पलीकडून एक शब्द टाकायचे, नाटकात विंगेतून वाक्यं पुरवणाऱ्या माणसासारखे. पालकांना सांगितलं होतं की हे मॅनेजर आहेत. तिथं शिक्षकाला मानानं 'लोकक्रू' म्हणतात, आणि यानला सारं गाव लोकक्रू म्हणायचं. सरांना 'अंकल' म्हणायचे. आणि त्या मागच्या खोलीत, लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, सर बसायला लागले. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला चहा तसाच घेऊन दारातून मागे फिरले.

दुसऱ्या वर्षी आमची पोरं मोठ्या शहरात इंग्रजी बोलण्याच्या स्पर्धेला गेली आणि दोन बक्षिसं घेऊन आली. पालकांनी देवळाच्या मंडपात सत्कार ठेवला. यानच्या गळ्यात मोगऱ्याची माळ घातली, खांद्यावर क्रामा टाकला. तो तिथला चौकड्यांचा गमछा, आपल्या पंच्यासारखाच. सर समोर फोटो काढत होते. यानला बोलायला उभं केलं. त्यानं माळ हातात धरली आणि सांगितलं की मला काही येत नाही, मला रोज हे समोर उभे असलेले गृहस्थ शिकवतात, तुमच्या मुलांचे शिक्षक तेच आहेत, आणि माझेही. सोखाबाईंनी ते शब्दन् शब्द भाषांतर करून सांगितलं. मग मंडपभर हसू पसरलं आणि टाळ्या पडल्या. एवढा मोठा साहेब, आणि किती नम्र! एका म्हाताऱ्यानं उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवला. यान माझ्याकडे असहाय बघत राहिला. सर म्हणाले, "स्माइल प्लीज," आणि त्यांनी आणखी एक फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी मी भांडले. मागच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, सर, त्या अध्यक्षानं तुमच्या गाईडावर नाव टाकलं तेव्हा तुम्ही गप्प बसलात, तेव्हा पोरं लहान होती. आता कोण लहान आहे? इतक्या लांब येऊन परत तेच? मग अमरावती काय वाईट होती? सर वहीत लिहीत होते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाले, "पोरं बोलून राहिले ना?" मी म्हटलं, हो. "चांगले बोलून राहिले ना?" म्हटलं, हो सर, पण. "मंग तोंड कोनाचं हाय थे कायले पाहतं?" मी रडायला लागले. तेव्हा ते म्हणाले, "त्या वक्ती माहं नाव दुसऱ्यानं काढलं, वंदना. ह्या वक्ती म्या सोताच काढलं. एवढा फरक हाय. लय नाई, पन हाय."

मी बाहेर आले तर काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "आता त्याह्यले काई म्हनू नको बाई. ते थकले. दिवसभर काई काम नाई अन् तरी थकून राहिले. रोज उठून आधी कोट घालतेत, मंग आठोते, मंग काढतेत." हे सांगताना त्यांचा हात तांदळातून फिरतच होता. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण सगळेच थकलो आहोत. चूक शोधायला गेलं तर धड कोणाचीच सापडत नव्हती. सोखाबाई खरं बोलल्या होत्या, यान खरं बोलला होता, आणि त्या आईबापांना पोरांचं भलंच हवं होतं. मग हे असं कशानं झालं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

तिसऱ्या वर्षी यानची आई आजारी पडली आणि तो पोलंडला परतला. जाताना काकूंच्या पाया पडला. ते त्याला काकूंनीच शिकवलं होतं. सोमवारी सकाळी शटर उघडलं आणि सर कोट घालून पुढच्या खोलीत गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा ते पोरांसमोर, फळ्यापाशी उभे होते. मी दारात होते. त्यांनी पहिलं वाक्य टाकलं आणि पोरांनी दणक्यात उत्तर दिलं. धडे त्यांचेच, पोरांना आवाज फक्त वेगळा होता. एक लहान पोरगी तर म्हणाली, भिंतीमागचे अंकल! तो आठवडाभर सर तरुण दिसत होते. आवाज गल्लीत जायचा. मला आमची अमरावतीची संध्याकाळ आठवायची आणि वाटायचं, झालं, आता जमलं.

पुढच्या आठवड्यापासून एकेक आई येऊ लागली. कोणी भांडलं नाही. गावी जायचं आहे, पोराला ताप आहे, शेतात काम आहे. प्रत्येकीनं सरांना वाकून नमस्कार केला आणि पोराला घेऊन गेली. महिन्याच्या शेवटी सात पोरं उरली, त्यातली दोन सोखाबाईंच्या नात्यातली. सोखाबाईंनी आणखी एक गोरा मुलगा शोधला होता. त्या म्हणाल्या, परत तसंच चालवू, तुम्ही मागे बसा. सर म्हणाले, "नो, मॅडम. नाउ यू रन." किल्ली दिली. वह्या दिल्या, तीन वर्षांच्या, एकावर एक रचून दोरीनं बांधलेल्या. रद्दीचे गठ्ठे बांधायची त्यांची गाठ सोखाबाईंना सुटेना, ती त्यांनीच सोडून दाखवली. शाळा आजही चालू आहे. सोखाबाई मला फोटो पाठवतात. धडे सरांच्याच वह्यांतले आहेत, असं त्या लिहितात.

परत आल्यावर सर अकोल्याला जुन्या शहरातल्या घरी राहिले. शिकवलं नाही. कोणी पोरगा इंग्रजी विचारायला आला तर म्हणायचे, "वंदना मॅडमकडे जाय, अमरावतीले." मी पुन्हा क्लास सुरू केला होता. पाटीवर नुसतं माझं नाव लिहिलं होतं, आणि पहिल्या उन्हाळ्यात आठ पोरं आली. मग बोर्ड करणारा म्हणाला, मॅडम, एक फोटो टाकू का, आपल्याकडं तयार आहेत. त्यानं कॉम्प्युटरवर एक दाखवला. सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची, कानाला हेडफोन लावून हसणारी एक बाई. कुठली, कोण, त्यालाही माहीत नव्हतं. मी हो म्हणायला एक मिनिटही घेतलं नाही. हे मला लिहून टाकू दे. बातंबांगला सरांशी भांडणारी मीच ती.

गेल्या जूनमध्ये सर डोळे दाखवायला अमरावतीला आले आणि दवाखान्यातून काकूंना घेऊन थेट क्लासात आले. मी त्यांना घ्यायला बाहेर गेले तेव्हा ते रस्त्यावर उभं राहून बोर्ड पाहत होते. डोळ्यांत औषध घातलेलं, म्हणून बारीक डोळे करून पाहत होते. वाटलं, आता बोलतील, आणि बोलावंच त्यांनी. ते आत आले. मी खुर्ची पुढे केली, तीत सर बसले, पाणी प्याले, चहा प्याले. मग विचारलं, "ह्या मॅडम कोन होय?"

"कोणी नाही सर. नुसता फोटो आहे."

"किती पोरं हाय आता?"

"दोन्ही बॅचा मिळून साठ."

सर माझ्याकडे पाहत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. कोणीतरी दमून येऊन शेजारी बसावं तसं ते पाहणं होतं. मग म्हणाले, "राहू दे मंग." आणि काकूंना अकोल्याच्या बसची वेळ विचारली.

हिवाळ्यात ते गेले. काकूंचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. पोरांना सोडलं, शटर ओढलं आणि अकोल्याला निघाले. लोक विचारतात, सरांनी तुम्हाला काय दिलं. मी सांगते, भाषा दिली, नोकरी दिली, सासरहून आले तेव्हा सकाळची बॅच दिली. ते 'राहू दे' मी कोणाला सांगत नाही. ते रागावले असते तर मी तो बोर्ड त्याच दिवशी उतरवला असता. ते रागावले नाहीत, म्हणून तो अजून तिथंच आहे.